डाव्या हाताचा पीळ

निवडकाकांनी सवयीने मनगट उलटं फिरवलं, आणि लोकरीचा पीळ सुटायच्या ऐवजी आणखीच आवळला. त्यांनी हात थांबवला. पोत्यावरची खूण पुन्हा पाहिली. निळ्या रंगाने काढलेला वाकडा चांद. म्हणजे पोतं तेच होतं. मग त्यांनी मनगट सुलट फिरवलं, तशी लोकरीची गुंडाळी निमूट उलगडली.

गिरणीत कच्ची लोकर आली की आधी त्यांच्या टेबलावर यायची. उत्तरेच्या खिडकीखाली लाकडी पट्ट्यांचं लांबलचक टेबल होतं. पट्ट्यांच्या फटींतून माती-काड्या खाली पडत आणि वर काका निवडत बसत. बसत म्हणजे उभे राहत. मानेची लोकर एकीकडे, पोटाची दुसरीकडे, मांडीची तिसरीकडे. रंगही इथेच ठरायचा, कारण ही गिरणी कापड रंगवत नसे. मेंढी पांढरी तर कापड पांढरं, मेंढी करडी तर कापड करडं. निवडता निवडता काकांचं खरं नाव कुठे पडलं ते कुणालाच आठवत नव्हतं, बहुधा त्यांनाही नाही.

मेंढी नीट कातरली तर लोकर अंगरख्यासारखी अख्खी निघते. ती गुंडाळायची, मानेकडची लोकर ओढून तिचाच दोर पिळायचा, तो गुंडाळीभोवती फिरवायचा आणि टोक आत खुपसायचं. सगळे मेंढपाळ असंच करतात आणि पीळ एकाच बाजूला देतात. वाकड्या चांदाच्या पोत्यातला पीळ मात्र कित्येक वर्षं दुसऱ्या बाजूचा होता. पिळणारा हात डावा होता, त्यात शंकाच नव्हती.

तो हात बाईचा आहे, हे मात्र काकांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. त्यांच्याकडे पुरावा होता. पिळाचं टोक असं हलकेच, दिसणार नाही असं आत खुपसलेलं असे, जसं बायका अंबाडा घालून टोक खुपसतात. पुरुष माणूस एक गाठ मारून मोकळा होतो, असं काकांचं ठाम मत होतं. ते तिला डावरी म्हणत. पुढे गिरणीतल्यांनीही ते नाव उचललं. ट्रक आला की ड्रायव्हर खालूनच ओरडायचा, "काका, तुमच्या डावरीचं पोतं आलं बरं का! केस विंचरून या!"

विंचरण्यासारखं काकांच्या डोक्यावर फारसं काही उरलं नव्हतं, तरी ते हसायचे.

चौकशी केली असती तर ठावठिकाणा कळला असता. मेंढपाळ आपापली पोती डोंगराच्या पायथ्याच्या शेडमध्ये ठेवून जात आणि ट्रक तिथूनच उचलायचा, त्यामुळे ड्रायव्हरने कुणाला पाहिलं नव्हतं. पण ऑफिसात पत्ते होते. काकांनी कधी विचारलं नाही. विचारलं की संपलं, असं त्यांना वाटे. तसंही त्यांना बरंच काही ठाऊक होतं. डावरीची मेंढरं कोरड्या जागी झोपतात, काट्याकुट्यांत शिरत नाहीत, हे लोकरीवरून कळायचं. एका वर्षी केसाच्या मधोमध बारीक, तुटकी जागा लागली. मेंढरांची आबाळ झाल्याशिवाय तसं होत नाही. घरात कुणीतरी आजारी असणार, असं काकांच्या मनात आलं. तेव्हा ते स्वतःही बायकोसाठी दवाखान्याच्या फेऱ्या मारत होते. नियमाप्रमाणे त्यांनी ती लोकर खालच्या प्रतीत टाकली, पण रिकामं पोतं परत पाठवायच्या वेळी ते इतरांसारखं ट्रकमध्ये कोंबलं नाही. टोकाला टोक जुळवून, हाताने दाबून, छातीशी धरून, बायको घालायची तशी त्याची घडी घातली. तेव्हापासून दर वर्षी ते त्या एका पोत्याची घडी घालत.

आज पीळ सुलट निघाला होता, म्हणजे ती आता मेली, असं काकांना वाटलं.

घरी बोलायला होतं कोण? बायको गेल्याला बराच काळ लोटला. मुलगी लांब राहायची, फोनवर "बाबा, जेवलात का?" विचारायची, ते "हो" म्हणायचे आणि मग पुढचं वाक्य दोघांनाही सुचायचं नाही. जेवायचे ते ओट्याशी उभ्यानेच, कारण टेबलाशी बसलं की समोरची खुर्ची दिसायची. एकटेपणाची सवय होते म्हणतात. काकांना काही ती झाली नव्हती. वर्षातून एकदा येणारं हे पोतं उघडताना मात्र त्यांना कुणाच्या तरी घरी गेल्यासारखं वाटायचं. आता तेही दार बंद झालं होतं.

त्यांनी दुसरी गुंडाळी घेतली. पीळ सुलट. तिसरीही तशीच. आणि तिसऱ्या गुंडाळीच्या पिळावर त्यांना रक्त दिसलं.

वाळलेलं, तपकिरी, नखाएवढं. काकांनी मागे वळून पाहिलं, कुणी नव्हतं. गिरणीचा नियम साधा होता: मेंढीला जखम करून काढलेली लोकर घ्यायची नाही. रक्त दिसलं की पोतं परत आणि तो कळप कायमचा बंद. गिऱ्हाइकं इथलं कापड घ्यायची ती याच भरवशावर, आणि तो भरवसा म्हणजे काकांचे डोळे. मागे एका मेंढपाळाने हातापाया पडून विनवलं होतं, तरी काका बधले नव्हते.

त्यांनी तो पुंजका तोडला आणि खिशात घातला.

काय केलं हे कळायला त्यांना थोडा वेळ लागला. मग पुढच्या गुंडाळीवर डाग दिसला, तोही खिशात गेला. डावरी नसली तरी तिची मेंढरं होती, तिचा वाकडा चांद होता. तेवढं तरी येत राहावं, एवढीच त्यांची धडपड होती. डोळे असून न बघायचं काम ते आयुष्यात पहिल्यांदाच करत होते आणि त्यांना ते नीट जमतही नव्हतं.

मॅनेजरबाई दारातून डोकावल्या. वयाने त्यांच्या मुलीएवढ्या, कामाला पक्क्या.

"काका, कसा आहे माल?"

"बघतोय."

"आज तोंड का उतरलंय?"

"धूळ फार आहे," काका म्हणाले, आणि त्या गेल्यावर त्यांना स्वतःची लाज वाटली.

पोतं निम्मं रिकामं झालं तसे डाग कमी होत गेले. मग थांबलेच. शेवटची गुंडाळी काढायला काका पोत्यात खांद्यापर्यंत वाकले. ती हातात येताच त्यांच्या बोटांना आधी कळलं आणि डोक्याला मागाहून. पीळ उलटा होता. डाव्या हाताचा. पण इतका सैल, की उचलतानाच सुटत आला होता. टोक मात्र तसंच हलकेच आत खुपसलेलं.

काका टेबलाला टेकले. पोतं भरताना पहिली गुंडाळी तळाशी जाते आणि शेवटची वर राहते. त्यांनी सगळी हकिगत उलटीकडून वाचली होती. डावरी मेली नव्हती. तिने सुरुवात डाव्या हातानेच केली होती, पण त्या हातातली ताकद गेली होती. तेव्हा तिने कात्री उजव्या हातात घेतली.

त्यांनी खिसा टेबलावर रिकामा केला आणि एकेक पुंजका खिडकीशी धरला. मेंढीला लागलं तर रक्त केसाच्या मुळाशी साकळतं, कातडीचा कपटा चिकटतो. इथे मुळं स्वच्छ होती. डाग वरवर होते, पिळावर आणि टोकांवर. एका डागात तर अंगठ्याच्या रेघा दिसत होत्या. मग त्यांनी निवडलेली सगळी लोकर पुन्हा टेबलावर घेतली आणि डोळ्यांत तेल घालून मुळं तपासली. मेंढ्यांना एक ओरखडा नव्हता. कातरताना एक हात कात्री चालवतो, दुसरा कातडी ताणून धरतो. सवय नसलेली कात्री जेव्हा जेव्हा घसरली, तेव्हा तिने आपला अधू हात मध्ये घातला होता.

काकांचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच कासावीसही झाला.

ते पुंजके ओंजळीत घेऊन ऑफिसात गेले.

"बाई, हे सकाळी मी खिशात घातलं होतं."

मॅनेजरबाईंनी आधी काकांकडे पाहिलं, मग भिंग काढलं. काका सांगत गेले, त्या बघत गेल्या.

"माल पास," शेवटी त्या म्हणाल्या. "पण काका, पुढच्या वर्षीचं काय? आपला हात कापून घेत कुणी कातरावं, हेही आपल्याला चालायचं नाही. मेंढी काय आणि माणूस काय. दुसरा कातरणारा नसेल तर हा कळप बंद करावा लागेल."

"कात्री मीही धरलीय. लग्नाआधी."

"तुम्ही?"

"अगदीच विसरलो नसेन," काका म्हणाले. "जाऊन बघू का?"

मॅनेजरबाईंनी पत्ता एका चिठोऱ्यावर लिहून दिला. त्यात घराची खूण होती, वाट होती. नोंद नुसत्या खुणेवर होती, त्यामुळे माणसाचं नाव त्यांना सापडलं नाही आणि काकांनी मागितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक रिकामी पोती घेऊन डोंगराकडे निघाला तेव्हा काका ड्रायव्हरशेजारी बसले होते. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर घडी घातलेलं एकच पोतं.

"काका, सासुरवाडीला निघालात जणू!"

"समोर बघ. खड्डे चुकव."

"लाजले, लाजले!" ड्रायव्हर म्हणाला. पण थोड्या वेळाने त्याने स्वतःहून रेडिओ बंद केला आणि पायथ्याच्या शेडपाशी पोचेपर्यंत गाडी बेताने चालवली.

पुढे पायवाट होती. काका थांबत, धापा टाकत चढले. वाटेत त्यांनी मनाशी वाक्य जुळवलं: मी गिरणीत लोकर निवडतो, तुमचा हात मला माहीत आहे. मग ते त्यांनाच भलतं वाटलं आणि त्यांनी ते सोडून दिलं. घराच्या कुंपणावर निळ्या रंगाचा वाकडा चांद होता. त्यांनी शर्ट नीट केला आणि दार वाजवलं.

दार एका म्हाताऱ्याने उघडलं. अंगाने सुकलेला, दाढी वाढलेली. डाव्या हाताला कोपरापर्यंत फडकी गुंडाळलेली होती.

"कोण पाहिजे?"

"मी गिरणीतून आलो," काका म्हणाले. "इथे कातरायला कोण असतं?"

"मीच. दुसरं कोण असणार?"

काका त्या फडक्यांकडे बघत राहिले. इतकी वर्षं सोबत केलेली डावरी त्या उंबऱ्यावर उभ्या उभ्या नाहीशी झाली, आणि म्हाताऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता. परत फिरावं, असं काकांना क्षणभर वाटलं. ड्रायव्हरला काय सांगायचं, हेही मनात आलं.

म्हाताऱ्याचं लक्ष मात्र काकांच्या चेहऱ्याकडे नव्हतंच. तो काखेतल्या पोत्याकडे बघत होता. त्याने उजवा हात पुढे केला, घडीच्या कडेवरून बोट फिरवलं, टोकाला टोक जुळलंय का ते पाहिलं.

"ही घडी तुम्ही घालता?"

"हो."

म्हाताऱ्याने हात मागे घेतला. चेहरा पडला होता, ते लपवायचं त्याला सुचलं नाही.

"मला वाटायचं, कुणी बाई असेल," तो म्हणाला.

काकांना हसू यायला हवं होतं.

"होती," ते म्हणाले. "घडी तिचीच. तिने शिकवलेली."

म्हातारा दारातून बाजूला झाला आणि आत गेला. आत टेबलाशी दोन खुर्च्या होत्या. एकीवर त्याचा सदरा टाकलेला होता. दुसरीवर कात्री, फडकी, दोऱ्याची रिळं असा बराच दिवसांचा पसारा साचला होता. त्याने एका हाताने तो पसारा उचलून खाली ठेवायला सुरुवात केली. काकांनी दार लोटलं आणि पसारा उचलायला तेही पुढे झाले.