भिंतीपासून पाच फूट

शालनला मत्सर कशाचा वाटावा? शेजारणीच्या गाडीचा नाही, दागिन्यांचा नाही. शेजारणीच्या कचऱ्याच्या खड्ड्याचा! हसायचं तर हसा, पण तिच्या अंगाचा तिळपापड होत होता हे खरं.

वलवणच्या त्यांच्या कॉलनीने वर्षभरापूर्वी नियम केला होता. ओला कचरा ज्याने त्याने आवारातच जिरवायचा. खड्डा शेजाऱ्याच्या भिंतीपासून पाच फूट लांब हवा. शालनने सगळ्या अंगणात हौसेने पेव्हर ब्लॉक बसवले होते, म्हणून तिने प्लास्टिकचा तयार ड्रम आणला. त्याचं झाकण उघडलं की घरातले नाक दाबून आत पळत. शेजारच्या माधवीने मात्र मागच्या मातीत खड्डा खणला आणि तिचं नशीब असं, की तिला गुरू लाभली ती शालनचीच सासू.

विठाबाईचा सगळा जन्म वडिवळ्याच्या भातखाचरांत गेला होता. मुलाने बंगला बांधला तेव्हा ती इथे आली आणि हातांना काम नाही म्हणून झुरत बसली. माधवीचा खड्डा दिसला आणि म्हातारीला तरतरी आली. सकाळचा चहा झाला की स्वारी शेजारी. कोपरापर्यंत हात घालून आतली ऊब बघायची, पेंढा पसरायची, राख भुरभुरायची. घरी जेवताना पुन्हा तेच पुराण.

"माधवीच्या हाताला गुण हाय. लय झ्याक खत झालंय."

बारा वर्षं शालनने भाकऱ्या थापल्या, म्हातारीची दुखणी काढली. तिच्या हाताला गुण असल्याचं म्हातारी एकदाही बोलली नव्हती. शालनने ताट बाजूला सारलं.

एके दुपारी माधवी शाळेत शिकवायला गेलेली पाहून शालन शिवणाची टेप घेऊन तिच्या आवारात शिरली. चार फूट दोन इंच! तिला इतका आनंद झाला की तिने पुन्हा एकदा मोजलं. संध्याकाळीच ती कॉलनीचे सेक्रेटरी हौशीराम आबा यांच्याकडे तक्रार घेऊन गेली. माझं नाव सांगू नका, एवढं बजावून आली.

रविवारी आबांनी स्वतः मोजलं. खड्डा पुढे सरकवायला माधवीकडे जागा नव्हती; पलीकडे लगेच पाण्याची टाकी होती.

"बुजवावा लागंल, ताई. दोन घरांत मिळून एक खड्डा चालतो, कुनी जागा दिली तर बघा," आबा म्हणाले.

"चूक माझीच. आधी मोजायला हवं होतं," म्हणत माधवीने तयार खत पोत्यांत भरून ठेवलं. ती भांडली नाही याचाही शालनला राग आला.

आता म्हातारी आपली, असं शालनला वाटलं. पण विठाबाई नुसती पायरीवर बसून राही. हातातला चहा गार होई. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "मला वडिवळ्याला सोड. हितं मातीच न्हाई."

शालनच्या काळजात चर्र झालं. तिने नवऱ्यालाही विचारलं नाही. पहार घेतली आणि अंगणाच्या मधोमध, त्याची मोटरसायकल उभी राहायची तिथले ब्लॉक उखडायला लागली. दुपारपर्यंत हाताला फोड आले, पण कमरेइतका खड्डा झाला. विठाबाई उठून आली. तिने चिमूटभर माती नाकाशी नेली.

"आत्या, हा तुमचा खड्डा. मी खणलाय," शालन धापा टाकत म्हणाली आणि सासूच्या तोंडाकडे बघत राहिली.

"झ्याक," म्हातारी म्हणाली. शालनचे डोळे भरून आले. "पर जुन्या खताचं घमेलंभर विरजण घातल्याबिगर हे कुजायचं न्हाई. जा, माधवीकडनं मागून आन. आन् तिलाबी बोलाव. दोन घरांत एक चालतो म्हनले न्हवं आबा? टाकंल की ती रोज हितंच."

पहार आपल्याच डोक्यात घालून घ्यावी असं शालनला वाटलं. पण विठाबाई पदर खोचून खड्ड्यात उतरलीसुद्धा होती. शालनने मुकाट्याने घमेलं उचललं.

माधवीच्या दाराशी जाईपर्यंत तिने तोंड हसरं करून ठेवलं होतं. दार उघडलं. "अगं, हाताला काय लागलं तुझ्या?" म्हणत माधवीने तिचा हात धरला.

"तक्रार मीच केली होती," शालन म्हणाली आणि घमेलं पुढे केलं.