कट न म्हणणारा दिग्दर्शक

आमचा धाकटा सिनेमे काढतो, पण 'कट' म्हणत नाही. समोरचा माणूस आपणहून उठला, तरच शॉट संपतो. "ताई, खरं असतं ते शेवटीच येतं," म्हणे! नट घेत नाही, घरचीच माणसं पकडतो. लोक त्याला डोक्यावर घेऊन नाचतात, आणि आवाज रेकॉर्ड करायला आहेच मी, हक्काची सख्खी बहीण.

त्या सकाळी पप्पांना टेबलाशी बसवलं होतं. काम एवढंच, सदऱ्याला बटण लावायचं. सत्तरी ओलांडलेला, हृदयाच्या गोळ्यांवर असलेला माणूस. मी म्हटलं, "त्यांना दमवू नकोस हं." तर पप्पाच माझ्यावर खेकसले, "तू गप्प बस गं! शॉट चालू असताना कुणी बोलायचं नाही, माहितीये ना?" लेकाच्या सिनेमात काम म्हणून स्वारी पहाटेच दाढी करून तयार होती.

दहा मिनिटं नुसती सुई, दोरा आणि शांतता. पप्पांच्या सदऱ्याच्या आत छोटा माइक होता, त्यामुळे त्यांचा श्वास हेडफोनमध्ये फक्त मला ऐकू येत होता. अचानक तो अडखळला. मग घरघर सुरू झाली. अभिनय? अहो, आमच्या पप्पांना साधी थाप मारता येत नाही, अभिनय कसला करतायत! बटण खाली पडलं, त्यांनी उचललं नाही. ओठ निळे पडत चालले होते. धाकटा कॅमेऱ्याला डोळा लावून उभाच. मेल्या, थांबव की! पण हेही मी मनातच ओरडले.

शेवटी हेडफोन भिरकावला आणि धावले.

"थोडक्यात वाचले," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण अजून दोन दिवस काही सांगता येणार नाही."

दवाखान्याच्या जिन्यात मी धाकट्याची कॉलर धरली. "डोळे फुटले होते का तुझे? बाप आहे तो आपला!"

"ताई, मला भीती वाटली होती गं. पण म्हटलं, श्वास तुला ऐकू येतोय. तू उठली नाहीस, म्हणून मला वाटलं सगळं ठीक आहे."

मी त्याची कॉलर सोडली. कारण ती घरघर ऐकल्याबरोबर माझा हात पप्पांकडे नाही, रेकॉर्डिंगच्या मशीनकडे गेला होता. आवाज फाटू नये म्हणून मी तो जरा कमी केला होता, आणि पुढचा श्वास नीट येतोय ना, हे ऐकत बसले होते.