पान उलटायची जागा

बाईंच्या संसारात भांडणं पुष्कळ झाली, पण बेचाळीस वर्षं पुरलेलं भांडण एकच. नवऱ्याने पियानोसाठी लिहिलेल्या रचनेत तिसऱ्या पानाच्या शेवटी बाई एक सूर धरून ठेवत. कागदावर तिथे थांबायची खूण नव्हती.

"मी लिहिलंय तेवढंच वाजव ना," तो कुरकुरायचा.

"तुम्ही पान वेळेवर उलटा, मग वाजवते!"

कारण मैफलीत पानं उलटायला शेजारच्या स्टुलावर तोच बसे. वेंधळा माणूस. उठताना कोट, चष्मा, स्टूल, सगळं सावरेपर्यंत सूर लांबायचा. "मी वेळेवरच उलटतो, तुलाच थांबायची हौस," असं तो म्हणायचा आणि दोघं तोंडं फुगवून घरी येत. लोक मात्र त्याच थांबण्यावर जीव टाकत. वर्तमानपत्रांनी त्या थांबण्याला बाईंची खास जागा म्हटलं आणि बाईंनीही ते कौतुक खुशाल पदरात पाडून घेतलं.

गेल्या हिवाळ्यात तो गेला. त्याच्या आठवणीसाठी कार्यक्रम ठरला, तेव्हा बाईंनी मनाशी पक्कं केलं, एकदा तरी त्याने लिहिलंय तसंच वाजवायचं. चारही पानांच्या झेरॉक्स काढून त्यांनी पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी चिकटवल्या. उलटायची भानगडच नको. तरी महिनाभर हात तिथेच अडायचा. एकदा वैतागून त्या रिकाम्या स्टुलाकडे बघत "अहो, उलटा ना!" असं ओरडल्या आणि मग दोन दिवस पियानोकडे फिरकल्या नाहीत.

कार्यक्रमात ती जागा आली आणि गेली. हात थांबला नाही. मागची ओळ संपायच्या आत पुढचीने तिचा हात धरला. बेचाळीस वर्षं बाई ज्याचे दोन तुकडे करत आल्या, ते एकच सलग बोलणं होतं. त्यांना रडू आवरेना, पण त्या शेवटपर्यंत वाजवत राहिल्या.

"आई, तुझी ती जागा गाळलीस?" लेकीने पडद्यामागे विचारलं. "मी तिचीच वाट बघत होते गं."

"ती माझी नव्हतीच," बाई म्हणाल्या.

घरी येऊन त्यांनी कोटसुद्धा काढला नाही. स्टुलासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "तुमचंच खरं होतं."

हे ऐकायला तो जन्मभर टपून बसला होता. आठ दिवस मिरवलं असतं त्याने, शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून सांगितलं असतं. बाईंनी पुन्हा, जरा मोठ्याने म्हटलं.

मग त्यांनी त्याच्या हातची जुनी वही पियानोवर लावली आणि पहिल्यापासून वाजवायला घेतलं. तिसऱ्या पानाच्या शेवटी आल्यावर सूर धरला आणि पान उलटायची वाट बघत बसल्या. सूर बारीक होत होत विरून गेला. पान होतं तसंच होतं.