मकबूल, एस. बी. एस.

माझ्या संशोधनाचं श्रेय ज्या माणसानं खिशात घातलं, तो माझा सख्खा बाप आहे. फ्लोराइड म्हणजे काय ते त्याला धड सांगता येत नाही. तरी भोकर-देगलूर भागातल्या बोअरच्या पाण्यावर मी लिहिलेले दोन्ही पेपर इंटरनेटवर शोधा, लेखक म्हणून तोच निघतो. मकबूल, एस. बी. एस. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

यात अब्बांचा काही हात नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. नांदेडात आमच्याकडे नाव असं लिहितात: शेख बुशरा शेख मकबूल. आडनाव आधी, मग मी, मग परत शेख आणि शेवटी वडील. रेशनकार्डापासून मार्कमेमोपर्यंत सगळीकडे हेच, आणि त्यावाचून कुणाचं काही अडत नाही. पण माझे पेपर छापणारं जर्नल बाहेरदेशातलं. तिथल्या कॉम्प्युटरला एवढंच ठाऊक, की नावातला शेवटचा शब्द म्हणजे आडनाव. त्यानं मकबूल उचलून पुढे आणला आणि बाकीच्यांचं एकेक अक्षर कापून मागं टांगलं. त्यातलं मधलं बी. म्हणजे मी. बोअरवर बाटल्या भरणारी मी, लॅबमध्ये उभं राहून पाय सुजवून घेणारी मी, आणि उरले किती, तर एक अक्षर.

पहिला पेपर आला तेव्हाच मी जर्नलला कळवलं होतं. उत्तर आलं नाही. दुसऱ्या वेळी जुनं खातं बघून त्यांनी परत तेच नाव लावलं. मग प्रबंध लिहायला बसले तेव्हा खरी गंमत सुरू झाली. वर्डमध्ये संदर्भ भरायची सोय असते. एकदा लेखक, वर्ष, जर्नल सगळं भरून ठेवलं की मजकुरात हवं तिथं नाव आपोआप येतं आणि मागची यादी आपोआप लागते. मी इमानदारीत जर्नलवरचंच नाव भरलं. त्यामुळे माझ्याच प्रबंधात मला लिहावं लागलं, की मकबूल यांनी दाखवून दिल्याप्रमाणे पाणी जसं खोलातलं तसा क्षार जास्त. मकबूल यांनी! मकबूल यांनी नमुने घेतले त्या दिवशी बोअरशेजारच्या लिंबाखाली झोप काढली होती.

अब्बांचं इतवारा भागात वजनकाटे दुरुस्त करायचं दुकान आहे. आडतीवरचे मोठे काटे असतात, किराणावाल्यांचे छोटे असतात, आणि काटा बंद पडला की माणूस अब्बांना फोन करतो. त्यासाठी ते गावोगाव मोटरसायकलवर फिरतात. मला पाण्याचे नमुने हवे होते आणि त्यांना काटे, म्हणून मी मागच्या सीटवर बसायला लागले. ते आडतीत काटा उघडायचे, मी गावातल्या बोअरवर बाटल्या भरायची. परतताना पिशवी त्यांच्या हँडलला लटकलेली असायची. एवढं मात्र खरं, की त्यांच्या गाडीशिवाय माझा एकही नमुना लातूरच्या लॅबपर्यंत पोचला नसता. पण म्हणून काय माणसानं लेखक व्हायचं?

ते झाले. पहिला पेपर छापून आला त्याच आठवड्यात जोहरा फुफी घरी आली होती. फुफी म्हणजे अब्बांची धाकटी बहीण. माझ्या शिक्षणाचा विषय निघाला की तिचं डोकं दुखायला लागतं. "लातूर, भोकर, देगलूर, नुसती फिरून राहिली पोरगी. हिच्याबरोबरीच्या पोरींची लेकरं शाळेत जाऊन राहिली," हे तिचं ठरलेलं वाक्य. त्या दिवशी अब्बांनी माझ्या हातातला फोन घेऊन तिच्यासमोर धरला. "हे वाच. मकबूल. माझं पाण्याचं काम बाहेरच्या देशात छापून आलं." घरात आम्ही दखनी बोलतो, पण अर्थ तोच. मी तोंड उघडणार, तर अम्मीनं माझ्या पायावर पाय दिला.

तेव्हापासून सगळीकडे तेच. गिऱ्हाईक आलं की काट्याचं झाकण उघडता उघडता अब्बा सांगणार, माझं पाण्याचं काम चालू आहे. आडतवाले त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवायचे आणि ते खुशाल चढायचे. ईदला पाहुण्यांसमोर तेच, लग्नात पंगतीला तेच. फुफीसुद्धा आता दारातूनच विचारायची, "भाईजान, पाण्याचं कुठवर आलं?" मी आतल्या खोलीत दात खाऊन टायपिंग करायची. राग आला की माझं काम जोरात होतं. तिसरं आणि चौथं प्रकरण मी असंच हातावेगळं केलं.

माझ्या गाईड चंद्रप्रभा मॅडम लातूरला असतात. त्यांना प्रबंध दिला की त्या आधी मागची पानं उघडतात. माणसानं खरंच किती वाचलंय ते तिथं कळतं, असं त्यांचं म्हणणं. स्वल्पविराम चुकला तर लाल गोल, जर्नलचं नाव तिरप्या अक्षरात नसलं तर लाल गोल. माझ्या यादीवर एकच गोल होता, एमच्या खाली.

"बुशरा, व्हायव्हाला या मकबूलसाहेबांना बोलवायचं का? काम बरं दिसतंय त्यांचं," मॅडम म्हणाल्या.

मी हसले. मॅडम हसल्या नाहीत.

"मला ठाऊक आहे ही तूच आहेस. पण प्रबंध तपासणाऱ्या समितीतला माणूस तुला ओळखत नाही. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावावर दोन पेपर लागतात. त्याच्यासमोर एक शेख आहे आणि एक मकबूल. तो म्हणेल, हिनं दुसऱ्याचे पेपर जोडलेत. मग तू समजावत बस."

"मॅडम, वर्डमध्ये मी आत्ता बदलते. शेखनंतर स्वल्पविराम दिला की ते बरोबर आडनाव धरतं."

"वर्डमध्ये बदलशील ग. पण ते यादी आणि जर्नल शेजारी शेजारी ठेवून बघतात. आधी जर्नल, मग यादी. मी पण मेल करते. बघू कसं उत्तर देत नाहीत ते."

जर्नलला शेरास सव्वाशेर मॅडम भेटल्या. उत्तर आलं. चूक मान्य, दुरुस्ती करू. लेखिकेनं सोबतच्या लिंकवर आपलं नाव नक्की करावं. एकदा नक्की केलं की जुनं नाव सगळीकडून काढलं जाईल आणि परत बदलता येणार नाही.

लातूरहून येताना एसटीत मी ती मेल पुन्हा पुन्हा वाचली. मला नाचायला हवं होतं. माझं नाव, माझं काम, एका बोटाचं अंतर. आणि मला अब्बाच दिसत होते. सगळीकडून काढलं जाईल. उद्या आडतीतला एखादा शहाणा फोन उघडून म्हणेल, मकबूलभाई, तुमचं नाव तर कुठंच न्हाई. माणूस काय उत्तर देणार? सातवीपर्यंत शिकलेला माणूस, आयुष्यात कधी नव्हे तो छापून आला, आणि ते नाव पुसायला लेकच बसलेली. मला त्यांचा राग होता तो खरा होता, आणि आता त्यांचं नाव पुसवत नव्हतं तेही खरं होतं. पण गप्प बसून प्रबंध परत यावा, एवढी मी भली नाही. ठरवलं, करायचं ते त्यांच्या समोर करायचं. पाठीमागं करायला मी काही चोरी करत नव्हते.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन थेट दुकानात गेले. दुपारची वेळ होती. बाकावर देगलूरकडचे संगप्पा बसले होते, धान्याचे व्यापारी. त्यांचा काटा रिकामा असतानाही अर्धा किलो दाखवत होता, आणि अब्बा तो उघडून बसले होते.

"अब्बा, एक काम आहे. माझ्या पेपरवर नाव चुकलंय. तुमचं पडलंय. ते मला दुरुस्त करायचंय." रस्ताभर घोकलेलं मोठं भाषण सगळं विसरले, एवढंच निघालं.

अब्बांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. संगप्पा एकदा माझ्याकडं, एकदा अब्बांकडं बघायला लागले.

"चुकलंय म्हंजी?" अब्बांनी विचारलं.

मी लॅपटॉप काउंटरवर उघडला. शेवटचा शब्द आडनाव कसा होतो ते सांगितलं. समिती काय म्हणेल ते सांगितलं. नाव सगळीकडून जाईल हेही सांगितलं, कारण ते लपवलं असतं तर दुकानात यायला अर्थच नव्हता. बोलताना माझा आवाज चढला. "बाटल्या मी भरल्या, अब्बा. तपासलं मी, लिहिलं मी. माझं नाव मला पायजे."

"मंग माझ्या मागं लागून काय राहिलीस? कर की," अब्बा म्हणाले.

"तुम्हाला वाईट वाटंल."

"बुशरा, बस खाली."

मी बसले.

"मी पेपर लिहिला न्हाई, हे मला म्हाईत न्हाई व्हय? आख्ख्या दुनियेला काट्यातली चूक दाखवत फिरतो मी, अन् माझं नाव भलत्या जागी बसलंय ते मला दिसंना?" ते काट्याच्या तारा चाचपत बोलत होते, माझ्याकडं न बघता. "पेपर आला त्या आठवड्यात जोहरा कशाला आली होती, तुला ठावं हाय?"

"नाही."

"परभणीचं स्थळ घेऊन. माणसं चांगली होती, त्याच्याबद्दल काय बोलू नये. पन त्यांचं म्हननं, शिक्षन आता बास. जोहरा जिद्दीला पेटली होती, अन् तुझी अम्मीबी तिच्या बाजूला झुकून राहिली होती. बुशराचं काम हाय म्हनलं असतं तर रोज वाद. पोरीच्या कामाला सगळे नावं ठिवतात. मकबूलचं काम हाय म्हनल्यावर कोन बोलतंय? जोहरानं लहानपनापासून माझा शबूद मोडला न्हाई. मी म्हनलं, माझं पाण्याचं काम अर्ध्यावर हाय, बुशरा गेली तर बुडंल. गप झाली."

"मला का नाही सांगितलं?"

"तुला सांगून काय, तू भांडायला गेली असतीस. तुझ्या पोटात कुठं राहतंय? अन् रागात तू काम लई भारी करून राहिली होतीस. मला दिसत होतं." आता त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "खरं सांगू का, बरंबी वाटत होतं. खोटं कशाला बोलू. नाव छापलेलं चांगलं दिसतं. पन ते उसनं होतं, मला ठावं होतं. आता तुझं लिवून झालं ना?"

"झालं."

"मंग दाब."

तीन वर्षं ज्या माणसावर मी आतल्या खोलीत दात खात होते, तो माणूस तेवढी तीन वर्षं माझ्या दारात उभा होता. मला एकदाही कळलं नाही. कळलं असतं तर मी खरंच भांडायला गेले असते, हेही त्यांचं बरोबर होतं. मी लिंक उघडली, आडनावाच्या रकान्यात शेख लिहिलं, नावाच्या रकान्यात बुशरा मकबूल, आणि दाबलं. मग वर्डमध्ये तेच बदललं आणि यादीला अपडेट म्हटलं. एमखालच्या दोन नोंदी उठल्या आणि खाली एसमध्ये जाऊन बसल्या.

अब्बा चष्मा वर करून पडद्यावर वाकले. "मी कुठं गेलो?"

"हे बघा. शेख, बी. एम. त्यातलं एम. तुम्ही."

"एक अक्षर?"

"एकच मिळतं."

"लई झालं," ते म्हणाले आणि परत काट्याकडं वळले.

मला समोरचं नीट दिसेना. गिऱ्हाइकासमोर रडायची माझी सवय नाही, पण त्या दिवशी मी ओढणीनं डोळे पुसले आणि लाजले नाही. संगप्पा बिचारे अवघडून बसले होते. शेवटी त्यांना राहवलं नाही. "मकबूलभाई, मागच्या खेपेला तुम्ही सांगत होता ना, तुमचं ते पाण्याचं काम? ते हेच का?"

अब्बांनी काट्याचं झाकण बसवलं आणि हात फडक्याला पुसले.

"ही माझी लेक, बुशरा. पाण्याचं काम हिचं हाय," ते म्हणाले. "मी नुसती गाडी चालवली."