गाडीवाल्याच्या हातचं

“परक्या माणसाच्या हातचं मी न्हाय खात,” म्हणत सोजरबाईनं ताट सरकवलं आणि डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

हा परका माणूस म्हणजे महिपती सुरवसे. सेहेचाळीस वर्षांपूर्वी हिच्याच गळ्यात माळ घातलेला. ताटात दुधात कुस्करलेली भाकरी होती. सकाळपासून ती तिसऱ्यांदा परत आली होती.

“खा की दोन घास. मी न्हाय बगत. तिकडं तोंड करून बसतो.”

“तुमी आदी बाहेर जावा. आमचे मालक आले आन् तुमाला हितं बगितलं तर काय म्हनतील?”

यावर माणूस काय बोलणार? मालकालाच मालकाचा धाक घालत होती, आणि तोही इतक्या मर्यादेनं की चिडायची सोय नव्हती. महिपती उठला आणि ताट झाकून बाहेर ओट्यावर जाऊन बसला.

विसरण्याचा आजार तीन वर्षांचा. आधी तिनं किल्ल्या विसरल्या, मग गल्लीचं वळण, मग लेकाचं नाव. दिवाळीनंतर नवरा विसरली. पण रीत विसरली नाही. परक्या पुरुषापुढं बसायचं नाही, त्याच्या हातचं खायचं नाही, हे मात्र पक्कं. शेजारची दाक्षायणी दोन वेळा येऊन भरवायची तोवर निभावलं. ती लेकीच्या बाळंतपणाला अक्कलकोटला गेली आणि घरातली चूलच विझल्यासारखी झाली. दोन बाया ठेवून बघितल्या. पहिलीला सोजरबाईनं चोर ठरवलं, दुसरी आपणहून गेली. आता डब्यातली बिस्किटं आणि माठातलं पाणी, एवढंच ती स्वतःच्या हातानं घ्यायची. अंगावरचं लुगडं रोज थोडं जास्त सैल दिसायचं.

डॉक्टर म्हणाले, आठवडाभर असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. पुण्याहून लेकाचा, इंद्रजीतचा फोन आला.

“अप्पा, रविवारी गाडी घेऊन येतो. इथल्या संस्थेत सगळ्या बायकाच आहेत सांभाळायला. त्यांच्या हातचं खाईल ती.”

“आन् मी?”

“तुम्ही भेटायला येत जा की.”

पोरगं चुकीचं बोलत नव्हतं, हीच तर पंचाईत होती. चुकीचं बोललं असतं तर महिपतीला भांडता आलं असतं. भेटायला म्हणून गेला तर ती याला दारातूनच परत पाठवणार, हे त्याला कळत होतं. एकदा गाडीत बसली की सोजर गेली. रविवारला तीन दिवस होते.

संध्याकाळी सहा वाजले की तिला आणखी एक खूळ सुचायचं. वेणी घालायची, चपला घालायच्या आणि निघायचं. “पार्कला जायचंय. बसूच्या गाडीवर. मालक येनार हायत.” बसूची छोले-भटुऱ्यांची गाडी बंद होऊन सहा वर्षं झाली होती. बरोबर चाललं तर घाबरायची, म्हणून महिपती दहा पावलं मागं राहून चालायचा. स्वतःच्याच बायकोच्या मागावर. पार्क चौकात, जिथं आता मोटारसायकली लावतात, तिथं ती उभी राहायची आणि रस्त्याकडं बघत बसायची.

शुक्रवारी तिथं एक नवा भजीवाला उभा होता. म्हातारीला ताटकळलेली बघून त्यानं कागदावर चार भजी ठेवून पुढं केली. सोजरबाईनं कागद घेतला, फुंकर मारली आणि चारही भजी खाल्ली. वर मिरची मागून घेतली.

मग महिपतीच्या डोक्यात उजेड पडला. गाडीवालाही परकाच की! पण त्याच्या हातचं खायला कुणाचीच आडकाठी नसते. जगात तेवढा एकच परका पुरुष, ज्याच्या हातचं खाऊन बाईच्या नावाला बोल लागत नाही.

परतताना मात्र ती एका रिक्षाच्या पुढ्यात गेली. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला म्हणून वाचली. आता तिला चौकात जाऊ द्यायचं नाही, हे त्यानं तिथंच ठरवलं. मग गाडीच घरी आणायची.

शनिवारी त्यानं मैदा मळला. जन्मात परातीला हात न लावलेला माणूस. नोकरीभर त्यानं एकच काम केलं होतं, पालिकेच्या पाण्याची चावी फिरवायचं. चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या या गावात चावीवाल्याला देवाइतका मान आणि देवापेक्षा जास्त शिव्या. व्हॉल्व्ह उघडला की पाणी येतं, एवढं त्याला ठाऊक. पीठ तसं उघडत नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं. दर दहा मिनिटांनी तो फडकं उचलायचा, दाबून बघायचा, पुन्हा मळायचा. भटुरे झाले ते असे की चपलेला तळ म्हणून लावावेत. वर ते त्यानं स्वयंपाकघरातच ताटात वाढले. सोजरबाईनं ताटाकडं बघितलंसुद्धा नाही.

त्यानं कुठून कुठून नंबर मिळवून बसूला फोन लावला. बसू आता गावी शेती बघत होता.

“अण्णा, पिठाला सारखं हात लावायचं नव्हे री,” बसू त्याच्या कानडी वळणानं म्हणाला. “मैदा, मूठभर रवा, आंबट दही, चिमूटभर सोडा. मळलं की वल्लं फडकं टाकायचं आन् तासभर निस्तं बसायचं. वाट बगायची. त्येच त्याचं काम.”

“बरं. आन् तू झारा वाजवायचास, तो कसा?”

“कढईच्या काठावर दोनदा. तुमाला काय म्हाईत झारा? तुमी तर कवा आलाच न्हाई गाडीवर.”

“आलो न्हाई? आमी दोघं दर गुरुवारी…”

“वैनी यायच्या री. तुमी न्हाई. सहाला यायच्या, साडेसातपतोर हुबं ऱ्हायच्या. ‘मालक येनार हायत, मग दोन प्लेटी लावा,’ म्हनायच्या. मग येकटीच खायच्या आन् तुमची प्लेट बांधून न्यायच्या. वर्सानुवर्स बगितलंय मी.”

फोन ठेवून महिपती परातीपाशी येऊन बसला. गुरुवार त्याचा सुट्टीचा वार. “सहाला पार्कला ये, मी येतोच,” असं तो म्हणायचा, हे खरं होतं. मग कुठंतरी पाईप फुटायचा. कधी फुटायचा, कधी चावीवाल्यांच्या खोलीत पत्ते रंगायचे, हेही खरं होतं. रात्री घरी कागदात बांधलेलं काहीतरी गार, वातड असायचं, आणि ते तो न विचारता खायचा. ती कधी काही बोलली नाही. आणि त्याच्या मनात मात्र इतकी वर्षं दोघं मिळून गाडीवर खात होते. झाऱ्याची गोष्टही तिनंच कधीतरी सांगितलेली. खोटं बोलून बोलून माणसाला आपलंच खरं वाटायला लागतं. त्याला स्वतःची शरम वाटली.

रविवारी दुपारी त्यानं पुन्हा पीठ मळलं, ओलं फडकं टाकलं आणि शेजारी पाट घेऊन बसला. बाहेर मे महिन्याचं ऊन भाजत होतं. हात चार वेळा फडक्याकडं गेला आणि चारही वेळा त्यानं मागं घेतला. नुसतं वाट बघत बसायचं, हे काम इतकं अवघड असेल असं त्याला वाटलं नव्हतं. त्याला उभा जन्म त्याची सवय नव्हती. घरात ती सवय असलेलं माणूस आतल्या खोलीत आत्तापासूनच वेणी घालत होतं.

चारला इंद्रजीत आला. ओट्यावर टेबल, टेबलावर शेगडी, कढई आणि छोल्यांचं पातेलं, बापाच्या डोक्याला टॉवेल, कमरेला फडकं.

“अप्पा, हे काय चालवलंय?”

“तू मागच्या दारानं आत जा. खिडकीतनं बग. तिनं खाल्लं तर आपन बोलू. न्हाई खाल्लं तर ने तिला. मी आडवा येनार न्हाई.”

सहाला सोजरबाई चपला घालून बाहेर आली. महिपतीनं झारा कढईच्या काठावर दोनदा वाजवला. ती थबकली. त्यानं लाटलेला भटुरा तेलात सोडला, झाऱ्यानं हलका दाबला आणि तो टम्म फुगून वर आला. आपल्या हातून हे झालं यावर त्याचाच विश्वास बसेना.

ती दोन पायऱ्या उतरली, ओट्याला वळसा घालून रस्त्याच्या बाजूनं आली आणि टेबलासमोर उभी राहिली.

“ओ दादा, येक प्लेट द्या. कांदा जास्ती टाका.”

त्यानं प्लेट दिली. घाईत थोडे छोले टेबलावर सांडले. तिनं भटुरा मोडला, वाफ निघू दिली आणि घास घेतला. मग दुसरा. महिपती मोजत नव्हता, पण अख्खा भटुरा संपला तेव्हा त्याला रडू आवरेना. तोंड फिरवून त्यानं टॉवेलनं घाम पुसल्यासारखं केलं.

“आनखी देऊ?”

“द्या की. आन् येक बांधून ठेवा. आमच्या मालकांचं. पान्याच्या ड्यूटीवर हायत, येतीलच.”

“लई उशीर करत्यात वाटतं.”

“कामच तसलं. लोकं शिव्या घालत्यात त्यास्नी, पर मानूस चांगला हाय.” ती थांबली. “खोटं बोलतो जरा. मी कळू देत न्हाई.”

आता मात्र त्याला राहवलं नाही. झारा खाली ठेवून तो टेबलावर वाकला.

“सोजर, मीच की गं. मी महिपती. आलोय बग.”

तिनं प्लेट टेबलावर आदळली. पदर पुढं आला.

“माजं नाव कशाला घेता ओ? कोन तुमी? भल्या घरची बाई हाय मी.”

ती मागं सरत होती. आणखी दोन पावलं आणि ती रस्त्यावर, मग चौकात. खिडकीत इंद्रजीत उभा होता. महिपतीनं हात जोडले. नवरेपण जाऊ दे, पण ही उपाशी जाऊ नये, एवढंच त्याच्या मनात आलं.

“चुकलं ताई. मागं दुसरं गिऱ्हाईक हुतं, त्येला म्हनलो. मी गाडीवाला हाय. बसा तुमी, गरम काढतो.”

तिनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. त्यानं मान खाली घातली आणि झारा दोनदा वाजवला. मग ती पुढं आली.

दुसरा भटुरा तिनं अर्धाच खाल्ला. बांधलेला कागद मात्र पदराखाली घेऊन पायरीवर बसली. पावणेसात झाले, सात झाले. शेगडी बंद केली तरी ती हलेना. जवळ जावं तर भीती, बोलावं तर भीती. इंद्रजीत खिडकीतून खुणेनं विचारत होता, आता काय? महिपतीला एकच सुचलं. तो मागच्या दारानं घरात गेला, पेटीतला खाकी शर्ट चढवला आणि निवृत्तीला मिळालेली व्हॉल्व्हची जुनी, काठीएवढी लोखंडी चावी खांद्यावर घेतली. बोळातून लांब वळसा घालून तो कोपऱ्यावर आला आणि ड्यूटीवरून यावं तसा सरळ घराकडं चालत आला.

ती उठून उभी राहिली. कपाळावर हात धरून तिनं बघितलं.

“ओ चावीवाले,” ती म्हणाली, “आमचे मालक दिसले का? त्ये बी पान्यातच हायत. महिपती सुरवसे.”

खांद्यावरची चावी त्यानं खाली टेकवली.

“दिसले की. तिकडं पाईप फुटलाय. निरोप दिलाय त्यांनी.”

“निरोप?” तिचा आवाज बदलला. “काय म्हनले?”

“म्हनले, आज माजं जमायचं न्हाई. तिला सांगा, थांबू नको म्हनावं. माजं बी तूच खा.”

ती हळूच खाली बसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या कपाळावरची आठी सैल झाली.

“कवा निरोप धाडला न्हवता आजपतोर,” ती स्वतःशीच म्हणाली आणि तिनं पदराखालचा कागद सोडला. भटुरा गार झाला होता, वातड झाला होता. दातांनी तोडून तोडून ती तो खाऊ लागली. घरात इंद्रजीतनं न्यायला काढलेली तिच्या कपड्यांची बॅग उचलून पुन्हा कपाटात ठेवली, कपाटाचं दार लागल्याचा आवाज बाहेरपर्यंत आला.

खाता खाता तिनं वर बघितलं. चावीवाला अजून उभाच होता.

“जावा की तुमी आता. घरी तुमची बी कोन वाट बगत असंल.”

“व्हय,” महिपती म्हणाला. “लई वर्सं बगतीय.”

चावी खांद्यावर टाकून तो कोपऱ्यापर्यंत चालत गेला. तिथून ओटा दिसत होता. तिचा शेवटचा घास होईपर्यंत तो तिथंच उभा राहिला.