बोटभर ढील

“अगं, पलंगाची चादर आहे का ती, एवढी ताणायला!”

अंगणातल्या खुर्चीतून पंपवाले ओरडले. पाण्याचे पंप दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता. आजारपणात उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला. जिभेला मात्र धक्काही लागला नव्हता.

त्यांची बायको मोटरसायकलच्या मागच्या चाकाशी उकिडवी बसली होती. ती नर्स. घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांची मलमपट्टी करायची. इतकी वर्षं तिची ने-आण आणि गाडीचं तेलपाणी नवऱ्याकडेच होतं. आता ती स्वतः गाडी चालवायला शिकली होती. काल भर रस्त्यात साखळी उतरली आणि बाईंनी गाडी ढकलत घरी आणली, म्हणून आज सुट्टीच्या दिवशी हा वर्ग भरला होता.

वर्ग कसला, खडाजंगीच! पण प्लग काढून घासायचा म्हटल्यावर तिने तो असा लख्ख केला की पंपवाल्यांना नाव ठेवायला जागा उरली नाही. साखळीपाशी मात्र नर्सची खोड नडली. चादरीला सुरकुती नको, पट्टी सैल नको. त्याच हिशेबाने तिने साखळी तारेसारखी ताणली.

“घट्ट असलेली बरी ना? परत उतरायला नको.”

“घट्ट असली की तुटते. खालून बोटाने उचलली की बोटभर हलली पाहिजे. तीसुद्धा गाडीवर माणूस बसलेला असताना. वजन पडलं की ती आणखी ताणते.”

“मग बसा की.”

पंपवाल्यांनी फाटकाकडे पाहिलं. आजारपणापासून ते फाटकाबाहेर पडले नव्हते. असेच बसून राहिलात तर चांगला पायही आखडेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मागे बसा, चक्कर मारून येऊ, म्हणून ती किती विनवायची! “बायकोच्या मागे बसून गावभर मिरवू? लोक हसतील,” म्हणून ते उडवून लावायचे. काळजीने तिने हाय खाल्लीय हे त्यांना कळत होतं, पण मन काही तयार होत नव्हतं.

“शेजाऱ्यांना हाक मार.”

“शेजारी कशाला? तुम्ही काय हवेने भरलेले आहात?”

“पाय वर जायचा नाही.”

“तो माझ्याकडे लागला. तुम्ही डाव्यावर भार द्या.”

तिने काखेत खांदा घातला, लुळा पाय उचलून पलीकडे टाकला, आणि पंपवाले गाडीवर होते. केवढी ताकद बाईच्या मनगटात! आपण हिला मागे बसवून ऐटीत फिरत होतो, आणि ही रोज परक्यांची हाडं अशी उचलत होती. बायकोचा एवढा अभिमान त्यांना कधी वाटला नव्हता.

“अहो, ही तर जराही हलत नाही!”

“मग मघापासून काय कोकलतोय मी?”

त्यांना उतरवून तिने नट सैल केला, दोन्ही बाजूंचे स्क्रू सारखे फिरवले, चाक पुढे सरकवलं, नट पुन्हा आवळला. परत त्यांना वर चढवलं. या खेपेला त्यांनी कुरकुर केली नाही.

“हलतेय बोटभर,” ती खालून म्हणाली. “एका माणसाला बरोबर झाली.”

सवयीने त्यांचा डावा हात क्लचवर गेला होता. उजवा मांडीवर पडून होता. तो पुन्हा कधी मूठ पिळणार नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण ठाऊक होतं. ते त्या हाताकडे बघत राहिले. मग डाव्या पायाला रेटा देत ते सीटवर मागे सरकू लागले. घाम फुटला, तरी तिला हात लावू दिला नाही.

“बस पुढे. दोघांच्या वजनावर बघू.”

“मी वर बसल्यावर साखळी कोण बघणार?”

“आवाजावरून सांगतो मी. तू चालव.”

तिने ग्रीसचे हात पुसले, त्यांचा उजवा पाय उचलून नीट पायटेकणीवर ठेवला आणि ती फाटक उघडायला गेली.