दोघांची खोली

प्लेनोच्या त्या घरात लँडलाइन वाजला की तो एकतर विमा विकणाऱ्याचा असतो, नाहीतर बाबांसाठी असतो. त्यामुळे विनीता तो सहसा उचलत नाही. त्या दिवशी सकाळी मात्र तिची मीटिंग कॅन्सल झाली होती, बाबा फिरायला गेले होते आणि फोन काही थांबायचं नाव घेईना. तिनं वैतागून उचलला.

पलीकडे एक बाई होती. ऑस्ट्रियात कुठल्याशा तळ्याकाठी तिचं छोटंसं हॉटेल होतं. मिस्टर कर्णिकांचं सप्टेंबरचं बुकिंग आहे, एकच विचारायचं राहिलं, असं ती म्हणाली. "पलंग जोडून ठेवायचे की वेगळे? आमच्याकडे दोघांच्या खोलीत दोन सुटे पलंग असतात. पाहुणे म्हणतील तसे आम्ही ठेवतो."

"दोघांच्या खोलीत?" विनीतानं विचारलं.

"हो, ते आणि त्या बाई. बाईंच्या गुडघ्याचं माझ्या लक्षात आहे. खालच्या मजल्यावरची खोली ठेवली आहे, पायऱ्या चढायला नकोत. पहाटे चहाला गरम पाणीही देऊ. तुम्हीच का त्या?"

"मी सून," विनीता म्हणाली. मग अजिबात न थांबता म्हणाली, "पलंग वेगळे ठेवा. एक या भिंतीला, एक त्या भिंतीला."

बाईनं आभार मानून फोन ठेवला. विनीता मात्र रिसीव्हर हातात धरून तशीच उभी राहिली. बाबा एकटे जाणार होते. निदान घरात तरी त्यांनी तसंच सांगितलं होतं.

खरं तर संशयाची पाल तिच्या मनात आधीच चुकचुकली होती. मनोहर कर्णिक हा माणूस हॉटेलात राहणाऱ्यांतला नव्हेच. ऐंशीच्या दशकात ह्यूस्टनला आलेल्या त्या पिढीचा नियमच होता की ज्या गावात आपलं माणूस आहे तिथं हॉटेलात उतरायचं नाही. उतरलात तर त्या माणसाचा अपमान. बॉस्टनपासून सिअ‍ॅटलपर्यंत बाबा आणि सासूबाई, म्हणजे माई, लोकांच्या सोफ्यांवर झोपले होते, आणि त्यांच्या स्वतःच्या हॉलमध्ये गादी पसरलेली नाही असा महिना गेला नव्हता. कुणाच्या तरी साडूचा मित्र एवढी ओळखसुद्धा पुरायची. आणि म्युनिकमध्ये तर विनीताचा सख्खा मामेभाऊ ऋषी राहतो. मोठं घर, वर पाहुण्यांची वेगळी खोली. त्यानं दोनदा निरोप पाठवला, तर बाबा म्हणाले, "कशाला त्याला त्रास? हॉटेलच बरं."

हॉटेलच बरं! बाबांच्या तोंडी हे शब्द ऐकून तेव्हाच तिला कसंसं झालं होतं. आता त्याचा अर्थ लागला. ऋषीच्या घरी दोघांनी कसं उतरायचं?

तिला राग आला आणि रागाहून जास्त वाईट वाटलं. माईंच्या शेवटच्या आजारपणात तिनं मोठी सुट्टी काढून त्यांचं सगळं केलं होतं. सासू म्हणून नव्हे, मैत्रीण म्हणून केलं होतं. माईंना जाऊन अजून चार वर्षंही नीट झाली नव्हती. माईंना युरोप पाहायचा होता, तो राहिला. आणि आता त्यांच्या जागी कुणीतरी गुडघेदुखीवाली बाई तळ्याकाठी पहाटेचा चहा पिणार होती.

तिनं लगेच आईला फोन लावला. विनीताची आई दीपा शिकागोला एकटी राहते. विनीताचे वडील जाऊन बरीच वर्षं झाली. मायलेकींचा रोज एक फोन ठरलेला. विनीताच्या ऑफिसातलं राजकारण, लेकीचे मार्क, नवऱ्याचा विसराळूपणा, सगळं त्या फोनवर शिकागोला पोचतं.

"आई, बस आधी. बाबा कुणातरी बाईबरोबर युरोपला चाललेत."

आई म्हणाली, "थांब हं, कुकर बंद करते." बऱ्याच वेळानं ती परत आली. "अगं, असेल काहीतरी गैरसमज."

"कसला गैरसमज? हॉटेलवाली म्हणाली, त्या बाई. गुडघा दुखतो म्हणे तिचा. तुझ्यासारखाच. फक्त तू आपली घरात तेल लावून बसतेस, आणि ही निघाली ऑस्ट्रियाला."

"विनू, सोबत म्हणून जात असतील दोघं. म्हातारपणी सोबत लागते गं."

"सोबत लागते तर मंडळाच्या सहलीत जावं. खोली कशाला एक?" विनीता म्हणाली. आईला एवढा भोळेपणा कुठून येतो, याचं तिला नेहमीच नवल वाटायचं.

सौमित्रला तिनं जेवणानंतर सांगितलं. सौमित्र म्हणजे तिचा नवरा, बाबांचा एकुलता एक मुलगा. त्यानं ऐकलं, भांडी डिशवॉशरमध्ये लावणं चालूच ठेवलं आणि म्हणाला, "यार विनी, मी नाही विचारणार त्यांना. काय विचारू? बाबा, हू इज शी?"

"तुला काहीच वाटत नाही?"

"वाटतं. पण मागच्या वर्षभरात ते गाणं गुणगुणायला लागलेत, हे तू नोटिस केलंस का? माई गेल्यावर मी त्यांना पहिल्यांदा असं पाहतोय. लेट इट बी."

त्यांची लेक केया आपल्या फोनमधून मान वर न काढता म्हणाली, "Maybe Ajoba just has a girlfriend, Mom. It's not a crime." तिला वर पिटाळण्यात आलं. नवरा आणि मुलगी दोघंही कामाचे नाहीत हे कळल्यावर विनीतानं तपास स्वतःच्या हाती घेतला. सासऱ्यांना तोंडावर विचारायची तिची टाप नव्हती. पण गावातल्या बायकांकडे नीट बघायला कुणाची परवानगी लागते?

शनिवारी मंडळाची गणपतीच्या तयारीची मीटिंग होती. विनीता मुद्दाम दाराशी उभी राहिली आणि हॉलच्या पायऱ्या कोण कशी चढतं ते पाहू लागली. झालं असं की साठीच्या पुढची प्रत्येक बाई कठडा धरूनच चढत होती. गुडघा हा काही पुरावा ठरेना. पण सुवर्णाकाकू आल्या तेव्हा बाबा पुढे झाले, त्यांच्या हातातली पेटी त्यांनी घेतली आणि त्यांच्यासाठी खुर्ची सरकवली. सुवर्णाकाकू एकट्याच राहायच्या, केस मेंदीनं रंगवायच्या आणि भजनात सगळ्यांच्या वर आवाज लावायच्या. विनीताला आणखी काय हवं होतं?

"काकू, सप्टेंबरमध्ये काय प्लॅन्स?" तिनं चहाचा कप देताना विचारलं.

"बघू, जरा बाहेर जायचंय," काकू म्हणाल्या आणि लगेच साखरेचं विचारू लागल्या. बाहेर म्हणजे कुठे, हे त्यांनी सांगितलं नाही. विनीतानं ते पक्कं मनात धरलं. त्या दिवसापासून ती काकूंशी जेवढ्यास तेवढं बोलू लागली आणि त्या बिचारीला, आपलं काय चुकलं, ते कळेना.

आता शिकागोचा रोजचा फोन याच एका विषयावर होऊ लागला. आज बाबांनी नवे बूट आणले. आज बाबा दार लावून फोनवर बोलत होते, मी बाहेरून ऐकलं, हसत होते. आज त्यांनी मला विचारलं, युरोपात सप्टेंबरमध्ये शाल पुरते की कोट लागतो. शाल कुणाला, आई? बाबा शाल पांघरतात का? आई हं हं करायची. कधी विषय बदलायची, आपल्या पुण्याच्या तिकिटाचं काढायची. तीही सप्टेंबरमध्येच बहिणीकडे पुण्याला जाणार होती. कधी तिला डेव्हन ॲव्हेन्यूवर भाजी आणायला जायचं असायचं आणि बस चुकायला नको असायची.

असंच एकदा विनीता फार बोलली. ऑफिसात कटकट झाली होती, घरी येऊन पाहते तर बाबा आरशासमोर नवी टोपी घालून बघत होते. ती गाडीत जाऊन बसली आणि तिथून तिनं आईला फोन लावला.

"मला बाबांचा राग नाही गं एवढा. पुरुष काय, कुणी गोड बोललं की विरघळतात. राग त्या बाईचा येतो. या वयात परक्या पुरुषाबरोबर हॉटेलात राहायचं म्हणजे काही लाज? तिला मुलंबाळं असतीलच ना? उद्या कळलं तर त्या मुलीनं सासरी तोंड कसं दाखवायचं? नशीब माझं की तू अशी नाहीस. तू अशी असतीस ना, तर मी तुझ्या दारात पाऊल ठेवलं नसतं."

आई मग म्हणाली, "बरोबर आहे तुझं."

"बघ, तुलाही पटलं शेवटी," विनीता म्हणाली. तिला खूप हलकं वाटलं. आईनं आपली बाजू घेतली की वय कितीही असो, माणसाला बरं वाटतंच.

त्यानंतर आठवडाभरात घराचं वारं फिरलं. बाबांचं गुणगुणणं थांबलं. बूट खोक्यातच राहिले. रविवारी जेवताना त्यांनी भातावर वरण घेतलं, कालवलं आणि न खाता म्हणाले, "विनीता, ऋषीला कळव. म्युनिकला त्याच्याकडेच उतरेन म्हणतो. बाकीची हॉटेलंही एकट्याची करून टाकली. ती ऑस्ट्रियाची बाई फार भली, काही कापून घेतलं नाही तिनं."

सौमित्रनं विनीताकडे पाहिलं. ती ताटाकडे पाहत होती, पण तिच्या चेहऱ्यावरचा आनंद लपत नव्हता. त्या सुवर्णाकाकूला सुबुद्धी झाली म्हणायची. दुसऱ्या दिवशी तिनं बाबांसाठी केळं घालून शिरा केला. बाबांनी चमचाभर घेतला आणि छान झालाय म्हणाले.

तिनं शिकागोला फोन लावला. "आई, सुटलो बघ. त्या बाईनं माघार घेतली. बाबा एकटेच जाताहेत आता, ऋषीकडे उतरणार आहेत. मी म्हणत होते ना, असल्या बायका टिकत नाहीत."

"विनू," आई म्हणाली, "माझं पुण्याचं तिकीट नव्हतंच कधी."

"म्हणजे?"

"पुण्याला मी जाणारच नव्हते. ती हॉटेलवाली ज्या बाईबद्दल बोलली ती मीच गं."

आई बोलत राहिली, रोज बोलायची त्याच आवाजात. माई गेल्यावर ती मदतीला म्हणून प्लेनोला येऊन राहिली होती. संध्याकाळी ती आणि मनोहरराव घराजवळच्या तळ्याभोवती चक्कर मारायचे, आधी माईंबद्दल बोलायचे, मग इतर बोलणं निघायचं. शिकागोला परतल्यावर फोन सुरू झाले. काही वावगं नव्हतं. व्याही-विहिणींनी एकत्र राहायचं म्हटलं तर लोक काय म्हणतील, हे दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून ओळखीचं कुणी नाही अशा गावांतली हॉटेलं शोधली. दोन आठवडे एकमेकांची सोबत मिळाली असती, आणि परत आल्यावर तुम्हा दोघांना समोर बसवून सांगायचं ठरलं होतं.

"पण तू मला का नाही सांगितलंस?" विनीताचा आवाज फुटला. "मी रोज फोन करत होते ना, आई."

"हो, रोज करत होतीस," आई म्हणाली. "केयाच्या टेस्टचं काय झालं?"

विनीतानं फोन ठेवला. आपण काय काय बोललो ते तिला एकेक करून आठवू लागलं. परक्या बाईला बोललो असतो तर माफी मागून मोकळं होता आलं असतं. हे तिनं आईला ऐकवलं होतं, आणि वर तिच्याकडून हुंकारही घेतले होते.

बाबा मागच्या अंगणात खुर्ची टाकून बसले होते. ती जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. रडू आवरत नव्हतं आणि तिनं ते आवरलंही नाही.

"बाबा, मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं. तुम्ही दोघं जा. मी तिकडे फोन करते, सगळी हॉटेलं पुन्हा दोघांची करून घेते. मी आईशी बोलते. सौमित्रला मी सांगते."

बाबांनी तिला शेजारच्या खुर्चीवर बसायला सांगितलं. ते रागावलेले नव्हते, आणि तेच तिला सहन होईना.

"मी कालच विचारलं तिला पुन्हा," ते म्हणाले. "म्हटलं, दीपाताई, लोक बोलतात ते पाठीमागे बोलतात, आपल्याला कुठे ऐकायला येतं. आपण आपलं जाऊन येऊ. तर ती म्हणाली, तुम्हाला कुणी तोंडावर म्हटलेलं नाही, मनोहरराव. मला रोज म्हटलंय."